शेवग्याचा पाला

धोंडूबाईच्या छातीत टिकटिक वाजायचं. हृदयाची खराब झडप काढून मुंबईच्या डॉक्टरांनी तिथे धातूची बसवली होती, तिचा तो आवाज. माणसांनी भरलेल्या घरात तो कुणाच्या लक्षातही आला नसता. पण नवरा देवाघरी गेलेला, एकुलता एक मुलगा केतन नोकरीनिमित्त नालासोपाऱ्याला, आणि पूर्णगडातल्या त्या घरात दुपारी दुसरं काही वाजतच नसे. मग बाई पडवीत बसून स्वतःलाच ऐकत राहायची.

झडपेबरोबर जन्माची गोळी आली होती, रक्त पातळ ठेवायची. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं होतं. "रक्ताला बाहेरची वस्तू खपत नाही, धोंडूबाई. झडपेवर ते जाळं विणायला घेतं. त्यात रक्त अडकून गुठळी होते. ती सुटून मेंदूत गेली तर वाचा जाईल, हात जाईल. गोळी ते विणणं मंद करते. पण फार मंद झालं तर साधी जखमही वाहत राहील. म्हणून दर महिन्याला तपासायचं. आकडा अडीच ते साडेतीनच्या मध्ये हवा." जाळं म्हटल्यावर बाईला पटकन उमगलं. तिचा सगळा जन्म जाळ्यांच्या संगतीतच गेला होता.

पण गोळीने तिची विळी सोडवली. एकदा सुरमई कापताना बोट जरासं चिरलं, तर अख्खा पंचा भिजला तरी रक्त थांबेना. त्या दिवसापासून बंदरावर जाणं बंद. तिच्यासोबत मासे विकणाऱ्या बायका आधी विचारपूस करायला यायच्या, मग वाटेवरून हाक मारायच्या, मग तेही राहिलं. बायका वाईट नव्हत्या, त्यांच्यामागे कामं होती. धोंडूबाईच्या मागे काहीच नव्हतं, आणि हे तिला फार लागायचं.

राहता राहिला केतन. तो रविवारी फोन करायचा. "गोळी घेतलीस? रिपोर्ट बरा हाय ना? मग ठेवतो." रिपोर्ट बरा असला की पोराचं बोलणंच संपायचं.

गेल्या श्रावणात मात्र नवल घडलं. श्रावणात त्यांच्या घरात मासळी शिजत नाही. वर्षभर मासे खाणारी बाई महिनाभर अळूवर नि शेवग्याच्या पाल्यावर राहिली आणि आकडा घसरून दीडवर आला. लॅबमधल्या राहीने घाबरून केतनला फोन केला. पोरगा रातोरात गाडी पकडून सकाळी दारात हजर. चार दिवस राहिला. गोळी हातावर ठेवायचा, पडवीत शेजारी बसायचा, लहानपणीच्या गोष्टी काढायचा. धोंडूबाई इतकी सुखात होती, की आजारी दिसायला तिला मेहनत पडली.

"पालेभाजी सोडू नका," डॉक्टर तेव्हा म्हणाले. "पण रोज सारखीच खा. त्या पाल्यातलं जीवनसत्त्व घेऊनच रक्त ते जाळं विणतं. एकदम ढीगभर खाल्लीत, तर गोळी हरते." केतनने तर आईचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून गोळी न चुकवण्याची शपथ घेववली.

यंदाच्या श्रावणात धोंडूबाईने ती शपथ तंतोतंत पाळली. एक गोळी चुकवली नाही. फक्त परसातला शेवगा दोन्ही वेळ ओरबाडला. पाला निवडताना तिचा हात जरा अडखळे, डॉक्टरांचा चेहरा डोळ्यांपुढे येई. पण पडवीतली रिकामी खुर्चीही डोळ्यांपुढेच असायची. स्वतःच्या जिवाशी असा खेळ करू नये हे काय तिला कळत नव्हतं? कळत होतं. एकटं माणूस कळूनसवरून वेडेपणा करतं.

आकडा आला एक पूर्णांक चार. डॉक्टर रागावले, गोळी वाढवली, इंजेक्शनं सुरू केली आणि तीन दिवसांनी परत बोलावलं. राहीने केतनला फोन लावून दिला.

"आये, डॉक्टर सांगतील तसं कर," तो म्हणाला. "रजा मिळणं कठीण हाय. गणपतीला येतोच हाय ना मी?"

बाई एसटीने घरी आली. गणपती अजून लांब होते. तिने पुन्हा टोपभर पाला शिजवला, आणि या वेळी रागाने खाल्ला.

दुसऱ्या दिवशी दुपारी चहाची कपबशी तिच्या उजव्या हातातून गळून पडली. उचलायला गेली, तर बोटं मिटेनात. हात कुणा परक्याचा असावा तसा नुसता लोंबत होता. तेवढ्यात फोन वाजला. तिने डाव्या हाताने कसाबसा कानाला लावला.

"आये, साहेबांच्या हातापाया पडलो. रजा मिळाली. उद्या सकाळी पोचतोय."

धोंडूबाईला सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. तिला म्हणायचं होतं, केतन, ये. पण जीभ जागची हलेना आणि ते नावच सापडेना. पोटच्या पोराचं नाव, स्वतः निवडलेलं. घशातून नुसती घरघर निघाली.

"आये? आवाज येत नाय. नेटवर्क गेला वाटतं. ठेवतो."

फोन बंद झाला. घरात टिकटिक तेवढी चालू राहिली. बाई जमिनीवर बसून त्या आवाजाला भ्याली, आयुष्यात कधी भ्याली नव्हती इतकी. शेजारच्या भाविकाला हाक मारायची तर हाकही नव्हती. शेवटी डाव्या हाताने बशीचा तुकडा उचलून ती पितळेच्या कळशीवर बडवत राहिली.

भाविका धावत आली. तिने सासूला आपल्या लहान पोराकडे बघायला सांगितलं, रिक्षा बोलावली आणि बाईला पोटाशी धरून रत्नागिरीकडे निघाली. पावस मागे पडेपर्यंत धोंडूबाईची बोटं हलू लागली होती. जिभेला एकेक शब्द फुटत होता.

"वाचलीस गो बाय," भाविका म्हणाली. "पण दवाखान्यात जायचंच. पुन्हा झालं तर?"

फोन पुन्हा वाजला. भाविकाने तो बाईच्या कानाला लावला.

"आये, मघाशी नेटवर्क नव्हता काय गो?"

हो म्हटलं असतं तर निभावलं असतं. पोरगा उद्या येतच होता. जे हवं होतं ते मिळालं होतं.

"नेटवर्क होता," धोंडूबाई सावकाश म्हणाली. "मी ऐकत होते. तुजं नाव तोंडात येत नव्हतं रे. पाला मी मुद्दाम खाल्ला. तू यावास म्हणून."

रिक्षा चढावर घरघरत होती आणि भाविका बाहेर बघत होती.

"केतन," ती म्हणाली, "आवाज येतोय ना?"