मामाच्या तळहातावरचं जेल

मामा काच फुंकायचा. नळीच्या टोकाला तापून लवलवणारा गोळा धरून तो असा काही श्वास सोडायचा की बघता बघता त्याचा चंबू व्हायचा. आमच्या प्रयोगशाळेतली निम्मी भांडी त्याच्याच हातची. एका दुपारी तापलेली नळी निसटली आणि पडू नये म्हणून त्याने ती सवयीने उजव्या मुठीत झेलली.

तळहात होरपळून निघाला. पण खरे हाल पुढे झाले. पट्टी बदलायची वेळ आली की कापड जखमेला चिकटलेलं असायचं आणि जरा ओढलं की नुकती धरलेली कातडीही सोबत निघायची. मामी पाणी सोडत सोडत हळूहळू ते सुटं करायची. एरवी घर डोक्यावर घेणारा मामा भिंतीकडे तोंड करून बसायचा.

मग रुग्णालयातल्या डॉक्टरबाईंनी जखमेवर बसवायच्या एका मऊ, ओलसर जेलचा विषय काढला. त्यांच्याकडे चाचणीसाठी आलेलं ते जेल आमच्याच प्रयोगशाळेतलं. कित्येक वर्षं मी ते ढवळत, ओतत, मोजत आले होते. पण माझ्यासाठी ते म्हणजे बशीतली एक चकती आणि कागदावरचा आलेख. माणसाच्या अंगावर ते मी कधी पाहिलंच नव्हतं.

"कशाचं असतं गं हे?" मामाने विचारलं.

"समुद्रातल्या शेवाळाचं. आणि कोळंबीच्या सालांचं."

"मग हाताला लावायचं की ताटात वाढायचं?"

मामी कितीतरी दिवसांनी हसली.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "गुण येईलच अशी हमी देत नाही. नको वाटलं तर खुशाल नाही म्हणा."

मामाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मला विचारू नकोस. आपल्या हातच्या वस्तूला कोण वाईट म्हणेल?"

"कापड ओढून घेण्यापेक्षा काहीही बरं," असं म्हणून त्याने हात पुढे केला.

जेल बसवलं आणि त्याचे खांदे सैल झाले. "गार आहे," एवढंच तो म्हणाला.

नंतर तो खिडकीशी बसून तळहात न्याहाळू लागला. जेल आरपार दिसणारं होतं, त्यामुळे जखम बघायला काही उघडावं लागत नव्हतं. जखमेचं पाणी पिऊन ते फुगत होतं आणि पोटात साठवलेलं औषध थोडं थोडं सोडत होतं. एके सकाळी त्याचा फोन आला. "काम टाक आणि ये."

मी धापा टाकत पोचले. त्याने हात उजेडात धरला. जखमेच्या कडेने एक बारीक गुलाबी किनार आत सरकली होती, ओली, चकचकीत. मी भिंग लावून पाहिलं. त्या किनारीत केसाहून बारीक लाल रेषा उमटल्या होत्या. रक्त तिथपर्यंत वाट काढत आलं होतं.

"हे तू केलंस?" मामाने हळूच विचारलं.

"नाही रे. तुझ्याच हाताने केलं. आम्ही फक्त ओल टिकवली आणि औषध बेताबेताने पोचवलं."

आलेखातली जी चढती रेघ मला तोंडपाठ होती, ती ही होती तर.

पुढे जेल कडेकडेने पातळ होत गेलं. जिथे कातडी धरली तिथून ते नाहीसं व्हायचं. शेवटी डॉक्टरबाईंनी उरलेला पापुद्रा पाण्याने धुतला. खाली सलग कातडी होती, लहान बाळाच्या कातडीसारखी.

"गेलं कुठे सगळं?" मामी चक्रावली.

"काही ओलीबरोबर निघून गेलं, काही शरीराने मोडून टाकलं," मी म्हटलं.

करंगळी अजून पुरती मिटत नाही, आणि मोठे चंबू आता मामा शागिर्दांवर सोडतो. जेल धुतलं त्या दिवशी मात्र मामी त्याचा तळहात मांडीवर घेऊन बसली. तिने त्यावरून बोट फिरवलं, तसा त्याचा हात हलला आणि तिने दचकून बोट मागे घेतलं.

"दुखलं?"

"छे," मामा म्हणाला. "तुझं बोट लागलेलं कळलं."