वाटीला कसला लोभ?

"पडलं, पडलं! काळं पडलं!" असा एकच गलका झाला आणि आत्याबाईंच्या खोलीत दाटीवाटीने जमलेली अख्खी इमारत मास्तरीणबाईंच्या तळहाताकडे बघू लागली. तळहातावर आत्याबाईंच्या नाण्यांच्या पेटीतलं चांदीचं नाणं होतं. मूठ मिटली तेव्हा लख्ख होतं, उघडली तेव्हा तव्याच्या बुडासारखं काळं. तेच नाणं आधी तीन शेजाऱ्यांनी मुठीत धरलं होतं, तेव्हा त्याला काही झालं नव्हतं.

महाराजांनी डोळे मिटून उसासा सोडला. "चांदी खोटं बोलत नाही, माई. ज्याच्या मनात लोभ, त्याच्या हाती काजळी. आम्ही कोणाचं नाव घेणार नाही. आम्हाला काय, ना घेणं ना देणं!"

नाव न घेता व्हायचं ते झालं होतं. मास्तरीणबाई म्हणजे आत्याबाईंची सख्खी भाची, शाळेत रसायनशास्त्र शिकवणारी. आतोबांनी चाळीस वर्षं जमवलेली जुनी नाणी विकून आत्याबाईंना दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं करून घ्यायची होती. मोतीबिंदू इतका पिकला होता की समोरचा माणूस त्या आवाजावरून ओळखत. भाचीने सुचवलं, तीन जाणकार व्यापारी बोलावू. पण आत्याबाई जात्याच संशयी. भाचीच व्यापारी आणतेय म्हटल्यावर कुठंतरी पाणी मुरतंय असं त्यांच्या मनाने घेतलं, आणि खरंखोटं करायला त्यांनी वरच्या मजल्यावर शिष्यांसह उतरलेल्या या महाराजांना गाठलं. आपला संशय घरच्यांवर भुंकतो आणि परक्यापुढे शेपूट हलवतो, तो हा असा.

"मला वाटलंच होतं," आत्याबाई म्हणाल्या. "माझ्या भावाची पोर, आणि..."

भाचीच्या जिव्हारी लागलं. नाणं कडेने धरायचं, बोटाचा डाग पडू द्यायचा नाही, हे आतोबांनी तिला याच खोलीत शिकवलं होतं. आता त्याच खोलीत ती चोर ठरली होती.

"पेटीला बाधा झाली आहे," महाराजांनी सूर लावला. "एकवीस दिवस आमच्या आसनाखाली राहील. शुद्ध होऊन परत येईल. तोवर उघडायची नाही, बघायची नाही, विचारायचं नाही!"

"न्या हो, न्या," आत्याबाई म्हणाल्या आणि पेटी पुढे सरकवली.

भाचीने डोळे पुसायला हात वर नेला आणि तो नाकाशीच थबकला. उकडलेल्या अंड्याचा वास! खोली धुपाच्या धुराने कोंदली होती, पण हात नाकाशी आल्यावर काय लपणार? मग तिला आठवलं. नाणं देण्याआधी महाराजांनी प्रत्येकाचा तळहात ओल्या फडक्याने पुसला होता. शेजाऱ्यांना पितळी वाटीतलं पाणी. तिला मात्र, "तुम्ही रक्ताच्या नात्यातल्या" असं म्हणून, चिनीमातीच्या वाटीतलं.

"महाराज, आणखी एकदा परीक्षा घेऊ या."

"देवाची परीक्षा दोनदा घेत नाहीत!"

"देवाची नाही, वाटीची." महाराजांचा हात आडवा येण्याआधीच तिने बोटातली चांदीची अंगठी चिनीमातीच्या वाटीत टाकली. खोली श्वास रोखून बघत राहिली. अंगठी आधी पिवळी झाली, मग तपकिरी, मग काळी ठिक्कर.

"मन माझं वाईट असेल. वाटीला कसला लोभ सुटलाय?"

कोणीतरी फिसकन हसलं. महाराज गरजले, "अंगठी तुझी, पाप तुझं!"

"मग तुमची वस्तू घ्या. गळ्यातली साखळी चांदीचीच ना? बुडवा."

महाराजांनी साखळी घट्ट धरली.

"बुडवा की, महाराज," आत्याबाई अचानक म्हणाल्या. "तुम्हाला कुठे लोभ आहे!"

महाराजांना एकाएकी कुठलासा मुहूर्त आठवला. वाट्या, फडकी आणि शिष्य गोळा करून ते असे निघाले की चपला दारातच राहिल्या.

"गंधकाचं पाणी होतं ते," भाचीने सगळ्यांना सांगितलं. "दागिन्यांना मुद्दाम काळपट रंग द्यायला कारागीर असलंच काहीतरी वापरतात. गंधक लागलं की चांदी काळी पडते. हात साधूचा आहे की चोराचा, हे तिला कळत नाही."

माणसं निघून गेली. आत्याबाईंनी चाचपत पेटी भाचीकडे सरकवली. मग पुटपुटल्या, "चुकलं माझं. आता सगळं तूच बघ. तुझ्यावर विश्वास आहे."

"नको, आत्या. माझ्यावरही असा ठेवू नकोस. व्यापारी एकेक करून येतील, भाव लिहून बंद पाकिटात देतील. तू सांगशील त्या शेजारणीने ती मोठ्याने वाचायची. मी लांब बसेन. तुझा संशय चांगलाच आहे गं, फक्त महाराजांपाशी तो तू चपलांसारखा दाराबाहेर काढून ठेवलास."

वाचकहो, एवढंच सांगायचं आहे. ज्याला चमत्कार करता येतो, त्याला तो दुसऱ्याच्या वाटीत, दुसऱ्याच्या फडक्याने करून दाखवायला सांगा. "बघायचं नाही, विचारायचं नाही" असं जो म्हणतो, त्याला तर आधी विचारा. आणि आपला माणूस असला तरी विचारा. खरा असेल तर तो रागावणार नाही.

दुसऱ्या दिवशी पहिला व्यापारी आला. खुर्चीत बसता बसता गोड हसून म्हणाला, "आजी, काळजी सोडा. डोळे मिटून माझ्यावर विश्वास ठेवा."

आत्याबाईंनी ते काळं नाणं चाचपून त्याच्यासमोर ठेवलं.

"डोळे आधीच मिटलेत माझे," त्या म्हणाल्या. "तुमचा वजनकाटा शेजारणीच्या हातात द्या, आणि प्रत्येक नाण्याचं वजन मोठ्याने बोला."

लांब, खिडकीपाशी बसलेल्या भाचीने हसू लपवायला तोंड फिरवलं.