भट्टीतली हडळ

"मान दाबा तिची!" महाराज गरजले आणि भाऊजींच्या बेकरीत जमलेली गर्दी आणखी पुढे सरकली.

ताईला धगधगत्या भट्टीपुढे बसवलं होतं. पाठीवर वेताचे वळ. एक फुटून रक्त ओघळत होतं. तिचे हात भाऊजींनीच मागे आवळून धरलेले. चेल्याने डोकं पुढे दाबलं, तशी कण्यातून वीज गेल्यासारखी ताई ताडकन उडाली.

"तडफडली हडळ! काय दिसतंय गं?"

"काही नाही... सगळं धुकं."

"डोळे गिळले हिचे!" सपकन आणखी एक वेत. मग मंत्र पुटपुटत महाराजांनी बादलीभर गार पाणी तिच्या डोक्यावर ओतलं. हळूहळू ताई पुटपुटली, "दिसतंय." जयजयकार झाला.

महाराजांनी भट्टीतून लालबुंद सळई ओढली. "मानेत दडलीय. डाग दिला की सुटली!"

तेवढ्यात मी, तिची धाकटी बहीण, मेंदूच्या डॉक्टरबाईंना घेऊन गर्दीतून घुसले. ताईने मला पाहिलं. "माझ्या बाळाला कुणापाशी ठेवलंस गं?" असल्या मारातही हाच प्रश्न!

"हिला बाहेर सावलीत आणा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "महाराज, मंत्र तेच म्हणा. बघू हडळ पुन्हा डोळे झाकते का; तिला काय, इथून तिथे चार पावलं!"

"म्हणा की महाराज!" गर्दीलाही चेव आला.

महाराजांनी घसा कोरडा पडेस्तोवर मंत्र म्हटले. "आता काय दिसतंय?"

ताईने नीट निरखून पाहिलं. "तुमच्या दाढीत बिस्किटाचा चुरा अडकलाय."

हशा पिकला. मग ताईला विचारून डॉक्टरबाईंनी तिला थोडा वेळ भट्टीपुढे बसवलं. मंत्र नाही, मार नाही. तरी धुकं आलं. गार ओला टॉवेल मानेवर ठेवला, धुकं विरलं. ताईने आपणहून मान वाकवली. तीच वीज कण्यातून गेली.

"मेंदूतल्या आणि कण्यातल्या तारांवर, म्हणजे मज्जातंतूंवर, चरबीचे पापुद्रे गुंडाळलेले असतात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्यांना घट्ट धरून ठेवतं एक प्रथिन. त्याच्यावर विजेचा धन भार, चरबीवर ऋण, म्हणून ओढ. एकटं असलं की सैल दोऱ्यासारखं, चरबीला भिडलं की घडी घालून चिकटतं. हिच्या शरीराचे रोगाशी लढणारे पहारेकरीच त्या आवरणावर तुटून पडलेत. उघड्या तारेतून निरोप नीट जात नाही. उष्णतेने आणखी अडतो, गारव्याने सुधारतो. मान वाकवली की ती तार ताणून वीज चमकते."

"मग मागच्या खेपेला महाराजांनी बरं केलं ते?" शेजारची आजी म्हणाली.

"आजी, हे झटके बहुतेक वेळा आपसूक ओसरतात. कोंबडं आरवलं म्हणून का सूर्य उगवतो?"

महाराजांचा चेहरा संतापाने लाल झाला. "पापिणी!" म्हणत त्यांनी भट्टीत पुन्हा तापत ठेवलेली सळई डॉक्टरबाईंवर उगारली. भाऊजी मध्ये पडले. त्यांनी उघड्या हातांनी सळई धरली. कातडं चरचरलं, जळका वास सुटला. पण पकड सुटली नाही. लोकांनी महाराजांना भुईवर आडवं पाडलं. मघाचे भक्त आता त्यांच्यावर लाथा झाडू लागले.

"थांबा!" पाठीचं रक्त टिपत ताईच ओरडली. "मारून कुणाचं काही बरं होत नाही. पोलिसांना बोलवा. आणि बाई, मी होईन का हो बरी?"

"मुळापासून नाही, खोटं नाही सांगत. पण झटके थोपवणारी औषधं आहेत. आजच सुरू करू."

ताईने मान डोलावली, जपून.

वाचकहो, कुणाचे डोळे अंधारले, हातपाय लुळे पडले, तर आधी डॉक्टर गाठा. आणि कुणी अंगातली बाधा काढायला आलाच, तर त्याला एवढंच विचारा: मंत्रात ताकद असेल, तर वेत कशाला लागतो?