गहिनीनाथची डावी कातर

मित्रांनो, तुम्ही घोंगडी पाहिली असेल, थंडीत पांघरलीही असेल. पण तिची लोकर मेंढीच्या अंगावरून उतरवते कोण, हे सहसा कुणी विचारत नाही. ते काम माझे. दोन लांब पाती आणि मध्ये एक खिळा, अशी मी मेंढपाळाच्या घरातली जुनी कातर.

माझा जन्म धारूरच्या बंकट लोहाराच्या भट्टीत झाला. ट्रकच्या मोडक्या पाट्याचे पोलाद त्याने तापवले, ठोकले, पाण्यात बुडवले. वडवणीकडच्या एका वस्तीवरचा मेंढपाळ गहिनीनाथ मला न्यायला आला. त्याने मला दोनदा हवेत चालवून पाहिले आणि म्हणाला, "हीच पायजे." त्या दोन शब्दांनी मी जी ताठ झाले, ती आजपर्यंत.

आमच्याकडे कातरणीला मजूर लावत नाहीत. सावड असते. आज एकाच्या कळपावर सगळे जमतात, उद्या दुसऱ्याच्या. मजुरी नाही, फक्त पोटभर जेवण. नियम एवढाच की प्रत्येक घरातून कातर चालवणारा एक हात आला पाहिजे. ज्या घरचा हात येत नाही, त्या घरच्या मेंढरांवर कुणी जात नाही.

गहिनीनाथचा हात साऱ्या सावडीत नावाजलेला. आदल्या दिवशी धुतलेली मेंढी तो आडवी करायचा, पाय बांधायचा, आणि मी पोटापासून निघायची ती पाठीवर पोचायची. लोकर एका पटात उतरायची, मेंढीला ओरखडासुद्धा नाही. "ही गहिनीनाथनं कातरलेली," असे लोक लांबून ओळखत. त्यात निम्मे कौतुक माझे होते, असे मी मानत आले.

त्याचा मुलगा अंगद तेरा वर्षांचा झाला, तेव्हा भर सावडीत त्याने मला उचलले. डाव्या हातात. तो डावखुराच होता. मित्रांनो, मी उजव्या हातासाठी घडलेली. उजव्या हाताच्या दाबाने माझी पाती एकमेकींना घासून चालत, डाव्या हातात ती फाकत. लोकर कापायच्या ऐवजी मध्येच दुमडू लागली. पोराने आणखी जोर लावला आणि मेंढीच्या पोटाला जखम झाली.

"डावऱ्या!" गहिनीनाथ ओरडला. "जनावर मारतोस का? पुन्हा कातरीला हात लावायचा न्हाई!"

"मेंढरू बरं, पोरगंच लई थरथरतंय बे!" सावडीतला थट्टेखोर रामहरी म्हणाला, आणि सगळी सावड हसली.

दोष माझा होता, पण मला सांगता येत नव्हते. अंगद त्याच महिन्यात बीडला मामाकडे शिकायला गेला. पुढे तिथेच पंपाच्या मोटारी दुरुस्त करायला लागला. दिवाळीला यायचा, पण बापाशी बोलायचा नाही. "आई, त्यांना सांग, मी उद्याच्या गाडीनं चाललो," असे म्हणायचा. ते 'ते' समोरच जेवायला बसलेले असत. अशी आठ वर्षे गेली.

गेल्या वर्षी कातरणीच्या तोंडावर घाटात गहिनीनाथचा पाय घसरला आणि उजवे मनगट मोडले. प्लास्टर बसले. सावड आठ दिवसांवर, आणि घरात कातर चालवणारा हात नाही.

"अंगदला बोलवा," त्याची बायको ताराबाई म्हणाली.

"कोणत्या तोंडानं बोलवू?"

हट्टाने त्याने एक मेंढी आडवी केली, ताराबाईला पाय धरायला लावले आणि मला डाव्या हातात घेतले. माझी पाती फाकली. लोकर दुमडली. त्याने जोर लावला, आणि मेंढीच्या पोटावर रक्त आले. ताराबाई हळद घेऊन धावली. गहिनीनाथ माझ्याकडे बघतच राहिला.

"अगं," तो ताराबाईला म्हणाला, "पोराची चूक नव्हती गं."

दुसऱ्या दिवशी तो मला पिशवीत घालून एसटीने धारूरला निघाला. त्याचे म्हणणे ऐकून म्हातारा बंकट चमकला. "गहिनीनाथ, एकदा उलटवली की ही पुन्हा तुझ्या हाताची व्हायची न्हाई."

"उलटव."

बंकटने खिळा काढला, पाती तापवून दुसऱ्या अंगाला वाकवली, त्यांच्या जागा बदलल्या आणि नवी धार लावली. म्हातारपणी पुन्हा भट्टीत जाणे सोपे नव्हते. पण मी हूं की चूं केले नाही.

ताराबाईने फोन केला. अंगद आला, तोंड पाडूनच. पहिली सावड रामहरीच्या कळपावर होती. तिथे पोचताच अंगद म्हणाला, "आई, मला कशाला आणलं इथं? मला तर मनाई हाय."

तेव्हा गहिनीनाथ सगळ्यांच्या मध्ये उभा राहिला. "आठ वर्सांमागं ह्याच मानसांसमोर मी माझ्या पोराला बोललो. चूक माझी व्हती. कातर उजव्या हाताची, पोरगं डावं. मला उमगलं न्हाई. आता कातर त्याच्या हाताची करून आनलीय."

कुणी हसले नाही. अंगदने मला घेतले, उलटेसुलटे करून पाहिले. यंत्रांत वाढलेला हात तो, त्याला लगेच कळले. त्याने थेट बापाकडे पाहिले.

"मग तुमी कशानं कातरनार?"

"तू हायस की."

पहिल्या मेंढीला त्याला फार वेळ लागला. लोकर तुकड्यातुकड्यांनी निघाली.

"आरं, मोटार न्हाई ती, मेंढी हाय!" रामहरी ओरडला.

"मोटार लाथ मारीत न्हाई, काका," अंगद म्हणाला, आणि मग बापाला, "दादा, तेवढा पाय धरा."

गहिनीनाथने चांगल्या हाताने पाय धरला. दिवसभर धरला. संध्याकाळपर्यंत अकरा मेंढ्या झाल्या. शेवटची लोकर एका पटात उतरली. रामहरीने ती दोन्ही हातांनी उचलून उन्हात धरली आणि साऱ्या सावडीला दाखवली. माझे पोलाद त्या दिवशी जेवढे चमकले, तेवढे नवेपणीही चमकले नसेल.

आता गहिनीनाथचे मनगट बरे झाले आहे, पण त्याने दुसरी कातर घेतलेली नाही. अंगद बीडलाच काम करतो आणि वर्षातल्या दोन्ही कातरणींना सुट्टी काढून येतो. पाय किती घट्ट बांधायचा यावरून बापलेक भांडतात, अगदी तोंडावर, मोठ्याने.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या अवजारांना तेल द्या, धार द्या. कुणाचा हात चुकला असे वाटले तर आधी त्याच्या हातातले अवजार नीट बघा. आणि चूक आपलीच निघाली, तर जिथे त्याला लाजवले होते, त्याच माणसांसमोर ती सांगा. गहिनीनाथने सांगितली. म्हणून मी आज गंजत पडलेली नाही.