सुट्टीतलं शाळेचं काम

मी पॅड बोलतोय, परीक्षेचं पॅड. कागदाला खालून आधार द्यायला एक फळी आणि वरून धरायला एक चाप, एवढाच माझा संसार. सध्या माझा मुक्काम मुरबाड तालुक्यात, धसईजवळच्या एका घरात, फडताळातल्या मिठाच्या बरणीवर आहे. झाकण म्हणून. हसू येत असेल तर हसा, मलाही पहिले दोन दिवस आलं होतं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला सांगता येणार नाही. लाकडाचा भुसा, वाफ आणि वरून भलामोठा दाब, एवढं आठवतं. एक बाजू गुळगुळीत झाली, दुसरी खरबरीतच राहिली. मग शहापूरच्या एका स्टेशनरीच्या दुकानात मी कंपासपेट्यांशेजारी बरेच महिने लटकत होतो. एक दिवस तानसाकडचा एक शेतकरी आला. धर्मा त्याचं नाव. दुकानदाराने त्याच्यापुढे फुलाफुलांची, मांजरांच्या चित्रांची चार पॅडं टाकली. धर्माने ती बाजूला सारली, मला उचललं आणि अंगठ्याने चाप दोनदा दाबून पाहिला. "हाच द्या. याचा चाप घट हाय. पोरगी दहावीला हाय माजी," तो म्हणाला. त्या वेळी मला जो अभिमान वाटला तो अजून पुरतो आहे.

त्याची पोरगी म्हणजे मिताली. दहावी, बारावी, डी.एड., सगळे पेपर तिने माझ्यावर लिहिले. उत्तर आठवेना की ती नखाने माझा चाप वाजवायची, आणि पुढच्या बाकावरची मुलगी वळून बघायची. बारावीचा शेवटचा पेपर झाला त्या दुपारी मला वाटलं, आता आपली रवानगी माळ्यावर. पण घरी आल्यावर तिने हातपाय धुतले, मला पुन्हा मांडीवर घेतलं, एक कोरा कागद लावला आणि लिहायला लागली. वर प्रश्न नव्हता, घंटा होणार नव्हती, मार्क कोणी देणार नव्हतं. तरी संध्याकाळपर्यंत तिचं डोकं वर झालं नाही. गोष्ट नावाची चीज मी पहिल्यांदा तेव्हा पाहिली.

पुढे ती शाळेत मास्तरीण झाली, लग्न झालं, सापगावात दोन खोल्यांत संसार मांडला. नवरा प्रणय, त्याची कंपनीत पाळी. माणूस वाईट नाही. आणि वर्ग म्हणजे अडतीस पोरं. वर्षभर तिला गोष्ट लिहायला सवड नसे. मी कपाटावर, तिच्या सुटकेसशेजारी. लिहायचं ते सुट्टीत. आणि सुट्टी म्हणजे धसईचं सासरचं घर.

दिवाळीची सुट्टी आणि भाताची कापणी आमच्याकडे हातात हात घालूनच येतात. दारात कंदील आणि खाचरात पिकलेलं भात. पहाटे फराळाचं, सकाळी कापणी, दुपारी भारे, संध्याकाळी पाहुणे. मिताली या घरची सून, आणि सून म्हटल्यावर दोन हात जास्तीचे, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. कोणी जाच करत नव्हतं हो. उलट सासू, जनी तिचं नाव, जिवाला जीव देणारी. पण माणसांची एक सवय मी वर्षानुवर्षं पाहिली आहे. बाई बसलेली दिसली की ती रिकामी आहे असं त्यांना वाटतं आणि लगेच तिच्यासाठी काम आठवतं.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मिताली दुपारी मागच्या पडवीत मला घेऊन बसली होती. जनी आली, म्हणाली, "काय लिवतंस गो?"

मिताली गोंधळली. गोष्ट लिहितेय म्हणायला तिची जीभ रेटेना. "शाळेचं काम हाय, आई," ती म्हणाली.

काय जादू झाली म्हणून सांगू! जनीने पडवीतली पोरं हाकलली. "गप रा जरा, वयनीला शाळेचं काम हाय!" प्रणयने रेडिओचा आवाज कमी केला. चहा जागेवर आला. शाळेचं काम म्हणजे सरकारी काम, त्याला सगळे वचकून. त्या दिवसापासून मिताली प्रत्येक सुट्टीत शाळेचं कामच करायला लागली. मला ते तेव्हाच खटकलं होतं, पण मी पडलो पॅड. मला तोंड नाही.

ती कोऱ्या वहीवर लिहीत नसे. शाळेत उरलेल्या, जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूंवर लिहायची. त्याच प्रश्नपत्रिकांचा आणि तपासून झालेल्या जुन्या पेपरांचा एक गठ्ठा ती दर दिवाळीत सासूसाठी आणायची. चकल्या, करंज्या तळून काढल्या की तेल टिपायला कागद लागतात, आणि या गावात रोजचा पेपर येत नाही. जनी त्या गठ्ठ्याची वाट बघायची. "माज्या सुनंची रद्दी लय कामाची," असं शेजारीपाजारी सांगायची.

या दिवाळीच्या आधी एक गोष्ट घडली. मितालीने सात कथा मोबाइलवर टाइप करून एका प्रकाशकाला पाठवल्या होत्या. त्यांचा फोन आला. कथा आवडल्या, पुस्तक करू, पण अंगाने बारीक होतंय. आणखी एक मोठी कथा द्या, भाऊबीजेनंतरच्या सोमवारपर्यंत. मिताली सापगावच्या त्या खोलीत फोन ठेवून एकटीच हसली. ती कथा तिने उन्हाळ्यातच सुरू केली होती, दहा पानं झाली होती. पूर्ण झाल्याशिवाय ती काही मोबाइलवर उतरवत नसे. शेवट तेवढा सापडायचा होता.

कथा होती लहानी नावाच्या बाईची. तिच्या झोपडीला खेटून तानसा धरणाचा मोठा नळ मुंबईला जातो, आणि ती मात्र डोक्यावर हंडा घेऊन लांबून पाणी आणते. रोज सकाळी ती नळाला कान लावते आणि आतलं पाणी ऐकते. मी ती पानं छातीशी धरून होतो. सांगतो, आतापर्यंत माझ्यावर लिहिलेल्या सगळ्यात ते लिखाण खरं होतं.

धनत्रयोदशीला आम्ही धसईला पोचलो. पुढच्या दोन दिवसांत मितालीला कितीदा बसता आलं असेल? एकदा वीस मिनिटं, एकदा जनी बाजारात गेली तेवढा वेळ. त्यात अकरावं पान अर्धंमुर्धं झालं. तिसऱ्यांदा बसली तर प्रणयच पडवीत आला. "तुझं पेपर तपासायचं संपलं नाय का अजून? तिकडं भारं पडलंत."

"झालं. झालंच सगळं," ती म्हणाली, आणि मला दारामागच्या खुंटीला अडकवून, विळा घेऊन गेली. जनी तिथेच तांदूळ निवडत होती. तिने ते ऐकलं.

पाडव्याची सकाळ. गावात अशी रीत आहे की पाडव्याला घराघरातून फराळाची ताटं एकमेकांकडे जातात. ताटात कागद, त्यावर चकली, करंजी, दोन लाडू, वरून फडकं. मिताली खाचरात होती. जनीने अकरा ताटं मांडली आणि रद्दीचा गठ्ठा बघते तर तळणात संपलेला. तिने इकडेतिकडे पाहिलं. दारामागे मी.

पुढच्या कागदावर छापलेलं होतं: प्रश्न पहिला, रिकाम्या जागा भरा. मागे निळ्या शाईत लिहिलेलं. दर वर्षीच्या रद्दीत असतं तसंच. आणि पेपर तपासून झाल्याचं तिने काल कानांनी ऐकलेलं. मी चाप जेवढा आवळता येईल तेवढा आवळला. धर्माने शहापुरात दोनदा दाबून पारखलेला चाप तो. पण भात कापणाऱ्या हातांपुढे माझं काय चालणार! एक कागद गेला, दुसरा गेला. लहानीची झोपडी एका ताटात, तिचा हंडा दुसऱ्या ताटात, अकराव्यात कालचं अपुरं पान. जनी गुणगुणत ताटं घेऊन गेली. तिचा काय दोष?

दुपारी मिताली आली. तिने हात धुतले, मला खुंटीवरून काढलं आणि तशीच उभी राहिली.

"आई, याच्यावरचे कागद?"

"ते होय? फराळाला लावलं गो. रद्दी संपली ना." मग सुनेचा चेहरा बघून जनी घाबरली. "का गो? शाळेचं काय महत्त्वाचं होतं? तुज्या नोकरीला काय..."

मिताली काही बोलणार होती. तिने अंगठ्याने माझा रिकामा चाप उघडला आणि मिटला. ओटीवर प्रणय, त्याच्या बहिणी, पाहुणे, सगळं घर माणसांनी भरलेलं. त्या भरल्या घरात ती कशासाठी रडेल हे समजेल असं एकही माणूस नव्हतं, कारण तिने कोणाला कधी सांगितलंच नव्हतं. इतकी एकटी मी तिला परीक्षेच्या हॉलमध्येही पाहिली नाही.

"नाय आई. जुनंच होतं," ती म्हणाली. जनीच्या जिवात जीव आला आणि तिने तिला वाढायला घेतलं.

भाऊबीजेला ताटं परत यायला लागली. ताट रिकामं परत करायचं नसतं, म्हणून ज्याच्या त्याच्या घरचा फराळ घालून. मिताली प्रत्येक ताटावरचं फडकं स्वतः उचलत होती. कागद कुठेच नव्हते. तेलकट कागदाने चूल चांगली पेटते, हे तिलाही माहीत होतं.

शेवटी शेजारची रंगूकाकी आली. सातवी शिकलेली, मोठ्या आवाजाची बाई. ताट जनीकडे दिलं आणि कमरेचा एक कागद काढून उलगडला. तेलाने तो आरपार झाला होता, रिकाम्या जागा आणि लहानी एकमेकांत मिसळलेल्या.

"मिताली, हा कोना पोरीचा निबंध गो? नळाला कान लावते ती बाई. वाचत बसले नि चुलीवरचा भात करपला माजा!"

मी दारामागच्या खुंटीवरून ऐकत होतो. बोल मिताली, मी मनात ओरडत होतो. आता नाही तर कधी? जनी बघत होती, प्रणयही बघत होता, आणि या घरात पहिल्यांदाच कोणीतरी तिच्या गोष्टीबद्दल विचारत होतं.

मितालीने कागद हातात घेतला. तो तिने वाचला नाही, नुसता बोटाने सरळ केला.

"हाय एक मुलगी," ती म्हणाली. "वर्गातली."

"हुशार दिसते. किती मार्क दिलंस?"

मितालीने कागदाची घडी घातली. "दहापैकी सहा."

"सहाच? भारी कंजूस हायस गो! नि त्या बाईचं पुढं काय होतं?"

"तिने लिहिलं नाय, काकी. तिचा वेळ संपला."

रंगूकाकी चुकचुकली. जनीने तिला चहाला बसवलं आणि बोलणं भाताच्या उताऱ्याकडे वळलं.

शनिवारी मितालीने मागच्या पडवीत मला मांडीवर घेतलं. रंगूने आणलेलं ते एक पान समोर ठेवलं आणि कोऱ्या कागदावर पहिली ओळ लिहिली. खोडली. पुन्हा लिहिली. आतून तिसरी हाक आली तेव्हा तिने कागद काढून त्याची घडी केली. अंगणात जाऊन प्रकाशकांना फोन लावला. "नाही जमलं, सर. घरी कामं होती... हो, पुढच्या वर्षी बघू."

रविवारी ते सापगावला निघाले. तिने मला फडताळात, डब्यांच्या मागे ठेवलं. ती विसरली असं मी म्हणणार नाही. तिने माझ्याकडे नीट बघून दार लावलं.

आता होळी होऊन गेली आहे. जनीला मी सापडलो आणि तिने मला कामाला लावलं. मिठावर झाकण, कधी चुलीला वारा, कधी माझ्यावर लसूण सोलते. माझी तक्रार नाही. पण मांडीची ऊब ती मांडीची ऊब. कधी कधी दुपारी रंगूकाकी येते, जनीजवळ बसून लसूण सोलते आणि हमखास विचारते, "त्या पोरीनं पुढचं लिवलं का गो? तुजी सून काय बोलली?" जनी म्हणते, "शाळेचं शाळेला ठावं."

आता मे महिन्याची सुट्टी लागेल. मिताली येईल, आणि आल्याआल्या हातात काम घेईल. रंगूकाकी, मला तोंड असतं तर तुमच्याजवळ एकच मागणं मागितलं असतं. त्या दिवशी तुम्ही तिला मार्क विचारलेत. या खेपेला त्या मुलीचं नाव विचारा.