शिक्षण: सातवी

“सातवी लिहिलंत? मावशी, सातवी?” पोरगी परत आलेला फॉर्म नाचवत होती.

“मग काय डॉक्टर लिहू? सातवीच शिकलेय मी.”

विद्यापीठानं फॉर्मवर लाल रेघ मारली होती. मार्गदर्शक अपात्र. आज पाचच्या आत पदवीधराची सही आणा, नाहीतर समाजशास्त्राच्या कार्यानुभवात नापास. पोरगीनं रुग्णालयाच्या या मदतकक्षात एकशेवीस तास काढले होते, एक दिवस न चुकवता. तिच्या वर्गातला दुसरा एक चार दिवस आला, कक्षाच्या साहेबांबरोबर चहा प्यायला आणि पास होऊन मोकळा झाला. साहेबांकडे पदवी आहे ना!

मावशी इथं अठरा वर्षं मदतनीस. दरसाल पोरं यायची, पुस्तकातलं जाडजूड बोलायची आणि पहिल्या माणसानं हंबरडा फोडला की पायाला पाय लावून पळायची. त्यांना माणसात आणायचं मावशीनं, सही ठोकायची साहेबांनी. यंदा हिच्या सहीच्या दिवशी साहेब रजेवर होते, म्हणून तिनं केली. मोठाच गुन्हा!

“चल,” म्हणत ती उठली. साहेबांच्या दारात उभं राहणं तिच्या जिवावर आलं होतं.

साहेब बॅग भरत होते. “काय शिकवलंस गं हिला? लवकर सांग, गाडी खाली उभी आहे.”

“टेबलाआड बसायचं नाही. माणूस कोसळला की आधी पाणी. तो बोलतोय तोवर आपला हात हलवायचा नाही. कागदाला तर मुळीच शिवायचं नाही.”

“असं नसतं लिहायचं.” साहेबांनी नव्या फॉर्मवर ‘संवादकौशल्य’ लिहिलं, शाईच्या पेनानं लफ्फेदार सही केली आणि ते गेले.

अठरा वर्षांचा एक शब्द केला मेल्यानं. मावशीच्या डोक्यात तिडीक गेली.

कक्षात येताच पोरगीनं फॉर्म टेबलावर आपटला. “मी नाही देणार हा.”

“गप गं! नापास होऊन माझे कुठले पांग फेडणार आहेस? सूट आधी, साडेचार वाजले.”

पोरगीनं नाक ओढून बॅग खांद्याला लावली, तेवढ्यात दारात एक म्हातारा आला. हातात बायकी चपलांचा जोड.

“हिच्या चपला राहिल्या,” तो म्हणाला. “आता कुठं जमा करायच्या?”

पोरगीनं बॅग खाली टाकली. खुर्ची टेबलाच्या अलीकडे ओढली, त्याला बसवलं, पाणी दिलं आणि स्टूल घेऊन शेजारी बसली. दोन घोट पिऊन त्यानं पेला टेबलावर ठेवला. चपला मांडीवर घेताना त्याचं कोपर लागलं. पेला कलंडला, थेट फॉर्मवर.

“नव्या आहेत,” तो सांगत होता. “चावतात म्हणायची…”

सही निळी होऊन पसरायला लागली. पोरगीनं एकदाच तिकडे पाहिलं. तिचा हात मांडीवरून हलला नाही.

मावशीचाच हात कागदाकडे निघाला होता. तिनं तो मागे घेतला.

“…तर मी खेकसलो तिच्यावर,” म्हातारा म्हणाला.