न केलेल्या कामाची शाबासकी

मित्रांनो, मी एक जुना लोहचुंबक. आयुष्यात सगळ्यात जास्त शाबासकी मला मिळाली ती मी न केलेल्या कामासाठी. आज मला त्याच कामाबद्दल सांगायचे आहे.

माझा जन्म एका कारखान्यातला. काळी, बारीक पूड साच्यात दाबली, भट्टीत भाजली, आणि मी जाडजूड कड्यासारखा बाहेर आलो. मग एका यंत्राने माझ्यात चुंबकत्व भरले. त्या क्षणापासून लोखंड दिसले की मला राहवत नाही.

पहिली नोकरी एका सभागृहातल्या ध्वनिक्षेपकात. माझ्याजवळच्या तारेच्या वेटोळ्यात वीज थरथरे, मी त्याला ढकली, ओढी, आणि समोरच्या कागदी पडद्यातून आवाज निघे. सतरा वर्षे मी भाषणे ऐकली. दमलेल्या माणसांच्या टाळ्याही ऐकल्या. एके दिवशी कागदी पडदा फाटला, पेटी काढताना हातातून निसटली आणि माझे बरोबर दोन तुकडे झाले.

चुंबकाचे तुकडे झाले तरी प्रत्येक तुकडा पुरता चुंबकच राहतो. म्हणून आम्ही दोघे भाऊ झालो. भंगाराच्या ढिगातून एका माणसाने आम्हांला उचलले, निळ्या प्लॅस्टिकच्या डबीत समोरासमोर बसवले आणि वर चकचकीत कागद चिकटवला : ‘पेट्रोलची बचत – चौथा हिस्सा!’ त्याला सगळे डबीवाला म्हणत. गाडीच्या पेट्रोलच्या नळीवर ही डबी चढवायची, की चुंबकामुळे पेट्रोलचे कण रांगेत उभे राहतात आणि पुरते जळतात, असे तो सांगे. ऐकून मी चाटच पडलो. मला खिळे ठाऊक होते, टाचण्या ठाऊक होत्या. पेट्रोलशी माझी ओळखही नव्हती.

आम्हांला विकत घेतले एका बेकरीच्या ड्रायव्हरने. तो रोज सकाळी व्हॅनमधून ब्रेड पोचवायचा. रस्ता ठरलेला, तीसच्या तीस दुकाने ठरलेली, वेळ तर इतकी ठरलेली की बेकरीच्या आवारातले इतर ड्रायव्हर त्याला ‘घड्याळ’ म्हणत. घड्याळने सांगितले म्हणजे खरे, असा त्याचा लौकिक होता.

मेकॅनिकने डबी बसवली. बॉनेट उघडलेच आहे तर चाकांत हवा भरली, आणि मागे दोन वर्षे पडून असलेले मोडके लोखंडी रॅक उतरवून ठेवले. घड्याळ घरी निघाला. त्या दिवसापासून तो गाडी अशी चालवू लागला, जणू मागे ब्रेड नसून काचेची भांडी आहेत. सिग्नल लांबून दिसला की पाय वर. उगाच हॉर्न नाही, उगाच घाई नाही. सगळे लक्ष पेट्रोलच्या काट्यावर.

आठवडाभराने तो आवारात म्हणाला, “लिटरला बारा द्यायची, आता चौदा देते! पोरांनो, डबी म्हणजे डबी आहे.”

नऊ ड्रायव्हर जमले. कोणी बॉनेट उघडून बघितले, कोणी डबीवर हात फिरवला. “शाबास रे पठ्ठे!” असे माझ्याकडे बघून म्हणणाराही एक निघाला. मित्रांनो, खोटे कशाला सांगू? मला बरे वाटले. माझ्याखालून दिवसभर पेट्रोल वाहत होते आणि त्याने एकदाही मान वळवून माझ्याकडे पाहिले नव्हते, हे मला माहीत होते. तरी शाबासकी रोज ऐकली की स्वतःलाच वाटू लागते, असेलही बुवा आपल्यात काहीतरी.

त्या नऊ जणांत एक म्हातारे ड्रायव्हर होते. सगळे त्यांना काका म्हणत. त्यांच्या व्हॅनचे चारही टायर गुळगुळीत झाले होते. नखाने चाचपले तरी खाच लागत नव्हती.

काका म्हणाले, “घड्याळा, टायर घ्यायचे होते या महिन्यात. पण तू म्हणतोस तर आधी डबी घेतो. बचतीतून टायर मागाहून होतील.”

“बिनधास्त घ्या, काका. डबीवाला महिनाअखेरीस येतोय, तुमची पहिली.”

हे सगळे त्याने घरी जेवताना मोठ्या बहिणीला सांगितले. ताई शाळेत विज्ञान शिकवायची. तिने घास हातातच ठेवला.

“बारा कधी मोजलं होतंस?”

“मोजलं म्हणजे… अंदाज असतो ना ड्रायव्हरला.”

“आणि चौदा?”

“ते मोजलं.”

“म्हणजे एक आकडा मोजलेला आणि एक आठवलेला. दोघांची कुस्ती लावलीस होय रे?”

“ताई, तू ना, प्रत्येक गोष्टीत मास्तरीण! हातच्या कांकणाला आरसा कशाला?”

“कावळा बसला आणि फांदी मोडली, असंही होतं बाबा. तुझ्या शब्दावर ते काका गुळगुळीत टायरांवर फिरणार आहेत. चार आठवडे दे मला. डबीत दम असेल तर मी स्वतः आवारात येऊन सांगेन.”

घड्याळ हसला. त्याला खात्रीच होती.

ताईने आमच्याच आकाराचे, आमच्याच वजनाचे दोन लाकडी तुकडे तयार केले. लाकूड हलके पडले म्हणून त्यात शिशाचे गोळे बसवले. दर तीन दिवसांनी घड्याळ कोपऱ्यावरच्या त्याच पंपावर टाकी भरे. पेट्रोल सोडणारी पंपाची बंदूक पहिल्यांदा ‘टक्’ करून थांबली की थांबायचे, वर एक थेंब नाही. मग सकाळी तो चहा घेत असताना ताई खाली येई, नाणे उडवी आणि छाप पडली तर डबीत आम्हांला ठेवी, काटा पडला तर लाकडी तुकड्यांना. कोण बसले ते फक्त तिच्या वहीत. घड्याळने बॉनेट उघडायचे नाही, एवढी शपथ. किलोमीटर आणि लिटर तो दुसऱ्या वहीत लिही.

“हे एवढं लपवून कशाला?” त्याने विचारले.

“डबी आत आहे हे कळलं तर तुझा पाय हलका पडेल. मला डबी मोजायची आहे, तुझा पाय नाही.”

आमची पाळी नसे तेव्हा आम्ही स्वयंपाकघराच्या खणात असू, चमच्यांना बिलगून. तिथून मला घड्याळचा आवाज येई. एका सकाळच्या फेरीनंतर तो आनंदाने ओरडतच आला, “ताई, आज चुंबकच होता! गाडी लोण्यासारखी चालली, पैज लाव.”

मी त्या वेळी पोटाला चार चमचे आणि एक उलथणे घेऊन खणात पडलो होतो.

ताईने फक्त आपली वही मिटली. मला मात्र पहिल्यांदा लाज वाटली.

आठ टाक्या झाल्या. शेवटच्या दिवशी ताईने दोन्ही वह्या जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि स्वतः कपडे वाळत घालायला गेली. निकाल तिने तोंडाने सांगितला नाही.

घड्याळ बोट ठेवून वाचत गेला. चुंबक असताना चौदा, तेरा पूर्णांक आठ, चौदा पूर्णांक दोन, चौदा. लाकूड असताना चौदा पूर्णांक एक, तेरा पूर्णांक नऊ, चौदा, चौदा पूर्णांक एक. त्याने पुन्हा वाचले. मग खणातून मला काढून तळहातावर धरले आणि बराच वेळ बघत राहिला.

ताई आल्यावर तो म्हणाला, “आठच टाक्या तर आहेत.”

“बरोबर. अगदी बारीक फरक असता तर आठ टाक्यांत दिसलाही नसता. पण डबीवर चौथा हिस्सा लिहिलंय. चौथा हिस्सा असा लपून बसत नाही.”

“मग सगळ्याच टाक्यांना चौदाच्या आसपास कसं?”

“डबी बसवली त्या दिवशी अजून काय काय झालं होतं?”

तो आठवू लागला. चाकांतली हवा. उतरवलेले रॅक. आणि मग स्वतःच्या उजव्या पायाकडे बघत म्हणाला, “आणि हा.”

“तुझी ती सवय चार आठवडे टिकली, डबीत लाकूड असतानाही. कौतुक तुझं आहे रे. तू ते उगाच डबीला देऊन बसलास.”

घड्याळला मात्र कौतुक ऐकू येत नव्हते. “नऊ जणांना सांगितलंय मी, ताई. उद्या डबीवाला येतोय.”

“मग नऊ जणांना परत सांग.”

“हसतील.”

“हसू देत. काकांच्या चाकाखालून रस्ता सटकण्यापेक्षा तुझं हसं झालेलं बरं.”

दुसऱ्या दिवशी फेऱ्या आटोपून सगळ्या व्हॅन आवारात लागल्या होत्या. डबीवाल्याने डब्या मांडल्या. काका सगळ्यांत पुढे उभे होते. घड्याळ आला, त्याने वह्या बॉनेटवर उघडून ठेवल्या आणि मला त्यांच्यावर ठेवले, कागद उडू नयेत म्हणून.

“मी चुकलो,” तो म्हणाला. “डबी काही करत नाही. चार आठवडे मोजलं. निम्मे दिवस आत लाकूड होतं, आणि मला ओळखताही आलं नाही.”

मग मागून आवाज आला, “घड्याळ मागे पडलं रे!” आणि आवार हसण्याने भरले. घड्याळचे कान लाल झाले, पण तो हलला नाही.

डबीवाला म्हणाला, “साहेब, तुमच्या गाडीला नसेल मानवली. प्रत्येक गाडीचा स्वभाव वेगळा.”

“मग ठेवा इथे एक डबी. या बाकीच्यांच्या गाड्यांवर मोजू, वह्या तयार आहेत.”

डबीवाल्याला अचानक दुसरीकडे जायची घाई झाली.

काका वहीवर वाकले होते. चष्मा वर सारून म्हणाले, “मग मी काय घेऊ रे?”

“टायर, काका. आजच. मी येतो बरोबर. आणि हवा दर आठवड्याला बघायची.”

“आणि पेट्रोल?”

“सिग्नल लांबून दिसला की पाय काढायचा. त्याला काही बसवावं लागत नाही.”

तेव्हापासून त्याला कोणी घड्याळ म्हणताना हसले, तरी त्याचे म्हणणे सगळे पूर्वीपेक्षा नीट ऐकू लागले.

माझा भाऊ आता ताईच्या शाळेत आहे. मुले कागदावर लोखंडाचा कीस पसरतात, खाली त्याला धरतात आणि किसाच्या सुंदर रेघा उमटतात. मी बेकरीतच राहिलो. ताईने सुचवल्यावरून भटारखान्याच्या मुख्य कारागिरांनी मला स्टीलच्या डबीत बंद करून पिठाच्या चाळणीच्या तोंडाशी बसवले. दिवसभर माझ्या अंगावरून पीठ सांडत राहते. कधी पंधरा दिवसांतून एकदा चाळणीच्या तारेचा केसाएवढा तुकडा येतो. तो मी सोडत नाही. सकाळी कोणाच्या तरी मुलाच्या घासात तो गेला नाही, हे कोणाला कळतही नाही, म्हणून शाबासकीही मिळत नाही. मला तिची पूर्वीइतकी आठवण येत नाही.

मित्रांनो, तुम्ही कुणाचेही कौतुक खुशाल करा. फक्त आधी एकदा मोजून पाहा, की काम नेमके कोणी केले. आणि माझ्यासारखा एखादा तुमच्या ओळखीत असेल, तर त्याला आपटू नका, तापवू नका, आणि शनिवारी फडक्याने पुसा. अंगावर पीठ साचले, की बारीक तार मला दिसत नाही.

चाळणीशेजारी एक खिडकी आहे. आवारातल्या फरशीवर पिठाची धूळ बसलेली असते. रोज सकाळी काकांची व्हॅन त्यावरून बाहेर पडते, आणि मागे टायरांच्या खाचांची नक्षी उमटते. खोल आणि ठसठशीत. ती दिसली, की मी माझ्या कामाला लागतो.